बर्फाच्या कारखान्यातला संघ

फेब्रुवारीतली सकाळ होती. रत्नागिरीच्या पांढरा समुद्र नावाच्या किनाऱ्यावरून उठलेलं धुकं रस्ता ओलांडून झरोक्यांतून थेट आमच्या हॉलमध्ये शिरलं होतं आणि त्या धुक्यात आमचा सराव चालला होता. समोरची रिंग कधी दिसायची, कधी नाही. चेंडू हातातून सुटला की क्षणभर नाहीसा व्हायचा, मग जाळीची तेवढी सळसळ ऐकू यायची. आमचे प्रशिक्षक थॉमस सर शिट्टी गळ्यात अडकवून नुसते उभे होते. अशा सकाळी तेही आम्हाला टोकायचे नाहीत.

तेवढ्यात दार सरकलं. ते जुन्या बर्फखोलीचं दार, हातभर जाड. सरकताना असा काही लांब उसासा टाकायचं की कितीही खेळात असलं तरी मान वळायचीच. दारात शेवंताकाकी उभ्या होत्या. अंगावर फिक्या निळ्या रंगाची सुती साडी, कपाळ मोकळं, दोन्ही चपला एका हातात. भाटकरशेठ दिवाळीनंतर गेले, आणि त्यानंतर काकी घराबाहेर पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

संघ त्यांच्या नवऱ्याचा, हॉलही नवऱ्याचा. पण इतक्या वर्षांत काकींनी इथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या भिंतीच्या कडेकडेनं चालत पलीकडच्या बाकापाशी गेल्या आणि शेठ जिथे बसायचे त्याच जागी बसल्या. ती जागा त्यांना कुणी दाखवली नव्हती. बाकामागच्या भिंतीवर शेठच्या डोक्याच्या तेलाचा एक पुसट डाग होता, त्यावरून ओळखली असेल.

"तुमच्यातली हेमांगी कोण?" त्यांनी विचारलं.

मी पुढे गेले. मी संघाची कर्णधार होते, तिशी गाठली होती, आणि डावा गुडघा थंडीत कुरकुरायला लागला होता. काकींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहऱ्यापेक्षा हातांकडे जास्त वेळ पाहिलं. मिऱ्याच्या शिवलकरांची ना, असं विचारून घेतलं. मग माझ्याकडचा चेंडू मागितला आणि बाजारात भोपळा पारखावा तसा दोन्ही हातांनी दाबून, फिरवून बघितला.

"उद्यापासून दुपारी येत जा इथे. मला शिकव."

"काय शिकवू, काकी?"

"हे इथे बसून काय बघायचे, ते."

चेंडू माझ्या हातात देऊन त्या आल्या तशा धुक्यात निघून गेल्या.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आमचा हॉल म्हणजे मूळचा बर्फाचा कारखाना. मासळीच्या धंद्यासाठी शेठनी तो विकत घेतला तेव्हा तो बंदच पडला होता. पुढे त्यांनीच तिथे लाकडाची जमीन घातली, रिंगा बसवल्या, आणि देशात मुलींची बास्केटबॉलची व्यावसायिक लीग निघाली तेव्हा रत्नागिरीच्या नावानं एक संघही घेतला. कागदोपत्री आमचं नाव 'रत्नागिरी सारंगा'. गाव मात्र आम्हाला बर्फवाल्या म्हणायचं. 'बर्फवाल्यांनी काल भिलाईला हरवलं' असं मच्छीबाजारात ऐकू आलं की मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. भिंतींना अजून खारट ओलसर वास होता. उन्हाळ्यातसुद्धा आत शिरलं की अंगावर शहारा यायचा.

शेठ रोज दुपारी यायचे. जाड काळा चष्मा, हातात छत्री, आणि तोंडातून शब्द नाही. बाकावर बसायचे, भिंतीला डोकं टेकायचे, आणि सराव संपेपर्यंत हलायचे नाहीत. एवढा खेळवेडा मालक साऱ्या लीगमध्ये नाही, असं पेपरवाले लिहायचे. गावातली काही तोंडं वेगळंही बोलायची. रोज दुपारी एवढा काय खेळ बघायचा असतो या वयात, तिथे पोरी आहेत म्हणून जातो म्हातारा. मग कुणीतरी माझं नाव त्यात जोडलं, कारण सगळ्यांत जुनी मी, आणि सगळ्यांत शेवटी हॉलमधून बाहेर पडणारीही मीच. ते माझ्या आईच्या कानावर आलं आणि त्या आठवड्यात बाजाराला ती लांबच्या रस्त्यानं गेली.

शेठ गेल्यावर संघ काकींच्या नावावर झाला. आणि महाशिवरात्रीच्या सुमारास इंदूरहून खंडेलवाल नावाचे गृहस्थ आले. माणूस सभ्य होता. हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली, तिचा आवाज भिंतींतून फिरून कसा परत येतो ते ऐकलं आणि हसले. त्यांच्या कंपनीला संघ हवा होता, हॉल नको होता. सगळा संघ उचलून इंदूरला न्यायचा, नाव बदलायचं. तिकडे मोठं स्टेडियम, दिवे, जखमा बघायला स्वतंत्र डॉक्टर, पगार वाढवून. काकींनी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. होळीपर्यंत थांबा म्हणाल्या.

संघात दोन तट पडले. छत्तीसगडच्या मुलींना इंदूर म्हणजे घराच्या थोडं जवळ जाणं. त्या मनातून खूश होत्या आणि आमच्यासमोर ते लपवायच्या. थॉमस सर केरळहून आलेले; त्यांना कुठेही पाठवलं तरी चालायचं, फक्त समुद्र सोडून जावं लागणार याचं वाईट वाटत होतं. खरी अडकली होती रुबीना. रुबीना मुकादम, आमची सेंटर, रिंगेखाली खेळणारी, सहा फुटांची, इथल्याच राजिवड्याची. तिचा नवरा कुवेतला, घरी आजारी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. ती इंदूरला जाऊच शकत नव्हती. संघ गेला की तिचा खेळ संपला.

काकींनी मला बोलावलंय हे कळलं त्याच संध्याकाळी रुबीनानं मला मांडवीच्या जेटीवर गाठलं. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो. समोर बोटी परतत होत्या. ती म्हणाली की बाई तुझं ऐकणार, तिनं स्वतः तुला निवडलंय. फार काही करायचं नाही. शेठ तुझ्याशी बोलायचे, त्यांची शेवटची इच्छा हीच होती, संघ रत्नागिरीतच राहावा, गावातल्या मुलींनी खेळावं, एवढंच सांगायचं. नवऱ्याचा शब्द कुठली बायको मोडेल?

मी म्हटलं, शेठ असं कधी काही बोलले नव्हते.

"बोलले नसतील. पण मनात नसेल कशावरून?"

मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवसापासून काकी दुपारी यायला लागल्या. बरोबर शेठच्या वेळेला. शेठ गेल्यापासून आमचा सराव सकाळी व्हायचा, त्यामुळे दुपारी हॉलमध्ये आम्ही दोघीच. वरच्या झरोक्यांतून उन्हाचे तिरपे पट्टे जमिनीवर पडलेले, त्यांत धूळ तरंगत असलेली. दार उघडं ठेवलं की आंब्याच्या मोहराचा वास आत यायचा आणि भिंतींच्या खारट वासात मिसळायचा. त्या वासानं डोकं हलकं हलकं व्हायचं. आजही ती दुपार आठवली की ती मी जगले की कुणी मला सांगितली, असा घोळ होतो.

काकी पदर कमरेला खोचायच्या आणि दोन्ही हातांनी, विहिरीतून भरलेली कळशी उचलावी तसा चेंडू खालून वर फेकायच्या. तो रिंगेच्या खूप अलीकडे पडायचा. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. जाऊन उचलून आणायच्या, पुन्हा फेकायच्या. मी गुडघे वाकवायला शिकवलं, मनगट सोडायला शिकवलं. आपटत चालणं त्यांना जमेना. चेंडू पायाला लागून पळायचा आणि त्या मागे मागे जायच्या, अगदी शांतपणे, जणू तो कुठे जातोय ते बघायलाच आल्यात.

दमल्या की बाकावर बसून बोलायच्या. सुरुवातीला इकडचं तिकडचं. मग घरचं. शेठना झोप नव्हती, त्या म्हणाल्या. मासेमारीची लाँच विकून, धंदा वाढवून शेठ जमिनीवर आले तेव्हापासून नव्हती. रात्रभर पडवीत फेऱ्या मारायचे. वैद्य झाले, मुंबईचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. काकींनी आपल्या परीनं सगळं केलं. माजघरातलं टोल्यांचं घड्याळ बंद केलं. कोंबड्या बहिणीकडे पाठवल्या. रेडिओला कापड बांधलं. कामाच्या बायांना अनवाणी वावरायला लावलं, दारांच्या बिजागऱ्यांना दर पंधरवड्याला तेल. स्वतः बांगड्या उतरवून निजायच्या, कुशीवर वळताना वाजू नयेत म्हणून.

"घर असं ठेवलं होतं गो, की टाचणी पडली तर ऐकू यावी," त्या म्हणाल्या. "तरी ह्यांचा डोळा लागला नाही."

मी चेंडूच्या शिवणीवरून बोट फिरवत बसले. मला एक गोष्ट माहीत होती, जी या बाईला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती. आणि ती सांगितली तर रुबीनानं शिकवलेलं काहीच सांगता येणार नव्हतं.

होळी जवळ आली. खंडेलवाल पुन्हा येऊन शहरातल्या हॉटेलात उतरले. रुबीना रोज सकाळी माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायची, अजून नाही. एकदा ती तिच्या मुलीला सरावाला घेऊन आली. मुलगी रिंगेखाली बसून आईचे बूट पायात घालून बघत होती. 

होळीच्या आदल्या दुपारी काकींचा एक चेंडू रिंगेला लागला, कडेवर एकदा फिरला आणि आत पडला. पहिलाच. मी टाळी वाजवली. काकी हसल्या नाहीत. चेंडू उड्या मारत कोपऱ्यात जाऊन थांबला तरी त्या रिंगेकडेच बघत होत्या. मग बाकावर येऊन बसल्या.

"चांगला आहे हा खेळ," त्या म्हणाल्या. "पण इतका नाही, की माणसानं इतकी वर्षं रोज यावं."

मी कोपऱ्यातला चेंडू उचलून आणला.

"मी रागावणार नाही, हेमांगी. माझं वय रागावण्याचं राहिलं नाही. लोक बोलायचे ते माझ्याही कानावर होतं. घरी डोळ्याला डोळा नाही, आणि इथून परत यायचे तेव्हा चेहरा असा निवलेला असायचा. उद्या तो इंदूरवाला सही मागायला येईल. त्याआधी मला कळू दे. ते तुझ्यासाठी यायचे का?"

रुबीनाचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. शेठचं स्वप्न होतं, काकी. या गावातल्या मुलींनी. एवढंच म्हटलं असतं तर काकींच्या मनातलं किल्मिष गेलं असतं, नवऱ्याबद्दल अभिमान वाटला असता, संघ राहिला असता, रुबीना खेळत राहिली असती. कुणाचंच नुकसान नव्हतं. मी तोंड उघडलं.

"काकी, शेठ इथे झोपायचे," मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग सगळंच सांगितलं.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात आम्हाला सरावाला छप्पर नव्हतं. कुणीतरी शेठना विचारलं आणि त्यांनी हा रिकामा कारखाना उघडून दिला. दुसऱ्या दिवशी मुली काही मोडतोड तर करत नाहीत ना, हे बघायला आले. पोत्यांच्या ढिगावर बसले. आम्ही चेंडू आपटत होतो. या भिंतींमध्ये तो आवाज छातीत घुमतो. बघता बघता शेठची मान कलली. घोरायला लागले. आम्ही हसलो, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून खेळ थांबवला. त्याबरोबर ते दचकून उठले, धावत दोन पावलं पुढे आले, आणि डोळे विस्फारून म्हणाले, का थांबलं, का थांबलं?

बाकीच्या मुली विसरल्या. मी नाही विसरले. ते रोज यायला लागले. मग काळा चष्मा लावून यायला लागले. लाकडी जमीन झाली, संघ झाला, पेपरात फोटो आले, आणि काळ्या चष्म्यामागे शेठ झोपलेले असायचे. सामन्याचे नियम त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हते. एकदाच, मी एकटी असताना, त्यांनी मला सांगितलं. वीस वर्षं लाँचवर काढली गो, ते म्हणाले. खाली इंजिन धडधडत असेल तर लाँचचा म्होरक्या, तांडेल, खुशाल झोपतो. इंजिन बंद पडलं की सगळ्यांत आधी डोळा उघडतो तो त्याचा. मग म्हणाले, घरी सगळं बंद असतं. शेवंता किती जपते. तिला कसं सांगू?

एवढं सांगून मी थांबले. काकींनी हात मांडीवर ठेवले होते. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर फिरत होती, जिथे बांगड्या असतात तिथे. बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तिचा आवाज पार लांब गेला तेव्हा काकींनी विचारलं.

"सराव संपल्यावर जागे व्हायचे का?"

"लगेच नाही."

"मग?"

मला ते सांगायचं नव्हतं. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, मुली गेल्या की मी एकटीच मधल्या गोलात उभी राहून चेंडू आपटत राहायची. फार जोरात नाही. एका लयीत. ते आपोआप जागे होईपर्यंत.

"रोज?"

"बहुतेक दिवशी."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे.

"म्हणजे तूच होतीस," त्या म्हणाल्या.

त्यात राग नव्हता, दोषही नव्हता. त्यांना हवं होतं ते कळलं, एवढंच. आणि मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं मी रोज अर्धा तास जास्त का थांबत होते. सरावासाठी थांबते, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. स्वतःलाही. माझे वडील मी लहान असताना समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. कुणाला तरी असं निर्धास्त झोपलेलं बघणं, आणि ती झोप आपल्या हातात असणं, यापेक्षा मोठं मला त्या खेळात काही मिळालं नव्हतं. हे मी काकींना सांगितलं नाही. त्यांना ते दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या हॉलवर आल्या आणि थॉमस सरांना म्हणाल्या, मुलींना नेहमीसारखं खेळू दे, माझ्याकडे कुणी बघू नका. मग बाकावर आडव्या झाल्या, पदर तोंडावर घेतला. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मी सुरुवात केली. सगळ्याजणी आपटायला लागलो. हॉलभर तो आवाज उठला, भिंतींना लागून परत आला, एकावर एक चढत गेला, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा तो शेठच्या कानांनी ऐकला. खाली पाणी होतं, मध्ये लाकूड होतं, आणि आम्ही सगळ्याजणी मिळून काहीतरी मोठं पुढे नेत होतो.

बऱ्याच वेळानं काकी उठून बसल्या. त्यांनी मला हातानं बोलावलं.

"छान वाटतं कानाला. पण मला नाही झोप येत," त्या म्हणाल्या. "ती ह्यांची होती."

त्याच संध्याकाळी त्यांनी खंडेलवालांना हो सांगितलं. संघ दिला, हॉल दिला नाही. ज्यांना यायचं नाही त्यांना हंगामाचा पुरा पगार देऊन मोकळं करायचं, एवढी एक अट घातली.

रुबीनाला मी स्वतः जाऊन सांगितलं. काय बोलले, कसं बोलले, सगळं. तिनं ऐकून घेतलं. दारातून हलली नाही, मला आत ये म्हणाली नाही. आतून सासूच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"एक खोटं बोलायचं होतं तुला," ती म्हणाली. "एकच."

त्यानंतर कितीतरी वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. पुढे काकींनी हॉल शाळेतल्या मुलींसाठी उघडला आणि चावी रुबीनाकडे दिली. आता तिथे तिच्याच हाताखाली पोरी तयार होतात. मी गावी गेले की आम्ही चहा पितो. पण मधूनच ती तेच वाक्य म्हणते, आवाज न चढवता. तिनं अजून चार-पाच हंगाम खेळायला हवे होते. ते खरंच आहे.

मी इंदूरला गेले. निघण्याआधी काकींचा निरोप घ्यायला घरी गेले, तर अंगणातच पायात कोंबड्या आल्या. आत रेडिओ मोठ्यानं लागला होता आणि माजघरातलं घड्याळ टोले देत होतं. काकी स्वयंपाकघरात खोबरं किसत होत्या. हे सगळं करायला उशीर झालाय ठाऊक आहे, त्या म्हणाल्या, पण राहवत नाही. मला पुढ्यात बसवून सांदणं खायला घातली.

इंदूरच्या स्टेडियममध्ये सगळं खंडेलवालांनी सांगितलं होतं तसंच होतं. दिवे होते, गाणी वाजायची, हजारो माणसं ओरडायची. नव्या नावाच्या शर्टमध्ये मी दोन हंगाम खेळले. सुरुवातीला सामना संपल्यावर मी उगाच रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहायची. मग ते सुटलं. माणसाला कशाचीही सवय होते.

दुसऱ्या हंगामात, गुडघा जवळजवळ कामातून गेला होता तेव्हा, एका सामन्याला मला पहिल्या रांगेत काकी दिसल्या. एकट्या आल्या होत्या, बसनं, पुण्यात एक गाडी बदलून. मांडीवर कोळंबीच्या लोणच्याची बरणी, फडक्यात गुंडाळलेली. पूर्ण सामना त्यांनी पापणी न लववता बघितला. आम्ही हरलो. बाकीची माणसं उठून गेली तरी त्या बसून होत्या, चेहरा तापलेला, जणू त्याच खेळून आल्या होत्या.

रात्रीचं जेवण आम्ही एका छोट्या खानावळीत घेतलं. मी कितीतरी दिवस मनात ठेवलेलं विचारून टाकलं. संघ का दिलात? माझ्यामुळे का?

काकींनी बरणीचं झाकण उघडून लोणचं आधी माझ्या पानात वाढलं.

"ठेवला असता तर मी रोज येऊन ह्यांच्या जागेवर बसले असते, हेमांगी. मरेपर्यंत. आणि तू मला बघून चेंडू आपटत राहिली असतीस." त्यांनी भाकरी मोडली. "आज मी पहिल्यांदा खेळ बघितला. तुमचा खेळ."

त्यांच्या डोक्यात सामनाच चालू होता.

"मला सांग, मध्ये त्या पंचानं शिट्टी वाजवून तुझ्या हातातला चेंडू का काढून घेतला? तू तर कुणाला धक्का मारला नव्हतास."

"मी चेंडू धरून पावलं टाकली, काकी. तसं चालत नाही. आपटत राहायचं, नाहीतर दुसरीकडे द्यायचा."

"मग दिला का नाहीस? ती उंच पोरगी कधीची मोकळी उभी होती."

"दिसली नाही मला."

"मला तिथे बसून दिसत होती," काकी म्हणाल्या, आणि पुढचा सामना कधी आहे ते विचारून घेतलं.